बारावा झालेल्या माणसाची कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. लाकडं फोडायची तुमच्या घरची कुऱ्हाड असते तिच्यापेक्षा मी बुटकी. दांडा हातभर, पातं एका अंगाला धारदार आणि दुसऱ्या अंगाला चोचीसारखं टोकदार. आमच्या जातीबद्दल चांगलं बोलायची तुमच्यात पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. स्वतःचं नुकसान केलं की म्हणता पायावर कुऱ्हाड मारून घेतली, आणि घरचाच माणूस उलटला की म्हणता कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. म्हणा बापडे! पण जे मी पाहिलं त्यावरून सांगते, गोतास काळ व्हायला दांडा लागत नाही. चार शहाणी डोकी एका पारावर बसली की काम भागतं.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला आणि तिथून मी एका भल्यामोठ्या हेलिकॉप्टरच्या पोटात येऊन बसले. दाराशेजारी चामडी पट्ट्यात मला अडकवलं होतं. हेलिकॉप्टर कोसळलं आणि दार अडकलं, तर भिंत फोडून माणसं बाहेर काढायची, एवढंच माझं काम. म्हणजे माझ्यावर कामाची वेळ येऊच नये अशी सगळ्यांची इच्छा. असल्या वस्तूवर धूळ बसते. माझ्यावर मात्र कधी बसली नाही, कारण त्या हेलिकॉप्टरचा मेकॅनिक कमळाकर होता.

कमळाकर पनवेलजवळच्या खाडीकाठच्या गावचा. घरचं काम मिठागराचं, पण त्याचा जीव मिठात रमला नाही. पनवेलच्या एसटी डेपोत तो इंजिनं खोलायला शिकला आणि तिथून हवाई दलात भरती झाला. दर शनिवारी तो मला पुसायचा आणि मग डोळे मिटून पट्ट्यातून काढायचा, परत लावायचा, परत काढायचा. पायलट अय्यप्पा साहेबांना हसू यायचं. ते विचारायचे, "कमळाकर, ती कुऱ्हाड काय पळून जाणार आहे?"

"ती नाही पळणार साहेब," कमळाकर म्हणायचा, "पण धुरात दिसलं नाही तर हात चुकायला नको."

बासष्ट सालच्या नोव्हेंबरात आम्ही ईशान्य सरहद्दीवर, नेफाच्या डोंगरांत होतो. लढाई पेटली होती. आम्ही वर धान्य आणि दारूगोळा न्यायचो आणि खाली जखमी आणायचो. एका दुपारी दोन जखमी जवान घेऊन आम्ही उठलो आणि दरीच्या तोंडाशी समोरच्या कड्यावरून गोळ्या आल्या. पत्र्यावर कोणीतरी खडे फेकावेत तसा आवाज झाला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण इंजिन मेलं तरी हेलिकॉप्टर लगेच मरत नाही. पायलटने क्षणही न दवडता नाक सावरलं, तर खालून येणाऱ्या वाऱ्यावर वरची पाती फिरत राहतात. शेवग्याचं पंखवालं बी गिरक्या घेत खाली येतं, तसं ते यंत्र उतरतं. अय्यप्पा साहेबांनी दगडाधोंड्यांची नदी निवडली, कारण झाडांत शिरलो असतो तर पाती तुटून आमच्याच अंगात घुसली असती. कमळाकरने स्वतःचा पट्टा आवळायच्या आधी दोन्ही जवानांचे पट्टे आवळले. त्यामुळे त्याचा स्वतःचा पट्टा सैल राहिला. आम्ही आपटलो, उडालो आणि एका कुशीवर पडलो. त्यात कमळाकरच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

एक दार खाली दबलं होतं, दुसरं वाकून बसलं होतं. धूर आणि पेट्रोलचा वास एकदमच आला. कमळाकरने डावा हात लांब केला आणि मी त्याच्या मुठीत होते. चाचपडणं नाही, शोधाशोध नाही. नऊ घावांत खिडकी चौकटीसकट निघाली. त्याने दोघा जवानांना बाहेर ओढलं. मग बाहेरून पुढची काच माझ्या चोचीने फोडली आणि साहेबांना काढलं. साहेबांचा पाय घोट्यापाशी उलटा झाला होता. ते चौघं शंभर पावलं गेले असतील नसतील, आणि मागे हेलिकॉप्टर पेटलं.

लोक म्हणतात, नशिबाने वाचले. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो! नशीब असेल, देवाची कृपा असेल, मी नाही म्हणत नाही. पण साहेबांचे हात होते, आवळलेले पट्टे होते, आणि डोळे मिटून केलेले ते सगळे शनिवार होते. त्यांचं नाव कोणी घेत नाही.

कड्यावर शत्रू होता, म्हणून जळक्या सांगाड्यापाशी थांबता येत नव्हतं. मी बांबू तोडले, त्यांची डोली झाली, साहेब डोलीत. हाताला गोळी लागलेला जवान डोलीचं एक टोक धरायचा, डाव्या खांद्यावर दुसरं टोक कमळाकर घ्यायचा. पोटात गोळी लागलेला जवान काठीच्या आधाराने चालायचा, तो तिसऱ्या दिवशी गेला. कमळाकरने माझ्याच चोचीने खड्डा खणला, वर दगड रचले आणि पाणी सोडलं. पुढे डोंगरातल्या माणसांनी त्यांना चुलीशी बसवून खाऊ घातलं आणि अकराव्या दिवशी आपल्या फौजेच्या चौकीवर पोचवलं.

पुढे साडेतीन महिने कमळाकर इस्पितळात होता. खांद्याचं हाड वाकडं जुळलं. निरोप घेताना अय्यप्पा साहेबांनी मला त्याच्या हातात दिलं. ते म्हणाले, "मी वर लिहून परवानगी घेतली आहे. ही तुझी."

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट लढाईची आहे, आणि लढाईत गोळ्या लागणारच. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

आम्ही जंगलात होतो तेव्हा कमळाकरच्या घरी तार गेली होती, बेपत्ता आहे, मेला असं समजावं. थोरला भाऊ महादेव धाय मोकलून रडला. रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून जाळला, पिंड दिले, बाराव्याला गाव जेवलं. कमळाकरच्या बायकोच्या, चंद्रावतीच्या बांगड्या फोडल्या आणि कुंकू पुसलं. इथवर मी कोणाला दोष देत नाही. तारेत तसंच लिहिलं होतं.

पण मार्गशीर्षात कमळाकरच्या हातचं पत्र आलं! मी जिवंत आहे, खांदा मोडलाय, येतोय. चंद्रावतीने पत्र छातीशी धरलं आणि बांगड्या मागितल्या. तर गावचे पंच म्हणाले, थांब. ज्याचा पिंड दिला तो माणूस तसाच घरात घेता येत नाही. पनवेलच्या एका भटजींनी पोथी काढून सांगितलं की असा माणूस परत जन्मला पाहिजे. त्याला तूपपाण्याने न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालून बारसं करायचं, मग त्याच बायकोशी त्याचं परत लग्न लावायचं. तोवर बायको विधवाच. नवरा पत्र लिहितोय आणि बायको विधवा!

गुढीपाडव्यानंतर दोन दिवसांनी आम्ही पनवेलच्या स्टँडवर उतरलो आणि खाडीची वाट धरली. वेशीवर महादेव उभा होता. कमळाकर हसत पुढे झाला, तर महादेव मागे सरला.

"कमळ्या, पाया पडतो तुज्या, पन गावान येव नको," तो हात जोडून म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "आमी तुजा बारावा केला हाय. वैशाखान रंभीचं लगीन हाय. पंचांनी वाळीत टाकलं तं पोरीचं काय व्हईल?"

रंभा ही महादेवची एकुलती एक मुलगी. कमळाकरने भावाकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मिठागरावर एक खोपट होतं, तिथे आम्ही राहिलो. खाडीचं पाणी सुकून साऱ्या गावाचं मीठ त्या दिवसांत वर येत होतं, म्हणून मिठागरावर सगळ्यांची ये-जा होती. माणसं शेजारून जायची, लांबूनच भाकरी ठेवायची आणि बघून न बघितल्यासारखं करायची. शत्रूने वेढलेल्या डोंगरांत अनोळखी माणसांनी ज्याला आपल्या चुलीशी बसवलं, त्याला त्याच्याच गावाने कुत्र्यासारखी लांबून भाकरी टाकली. मी लोखंडाची आहे म्हणून बरं, नाहीतर तेव्हाच फुटले असते.

कमळाकरची मात्र कशालाच ना नव्हती. तो थकला होता. त्याने तूपपाण्याने अंघोळ केली. एवढा मिशीवाला गडी, पाळण्यात मावेना म्हणून त्याला भाताच्या मोठ्या सुपात बसवून कानात कुर्रर्र केलं, तेव्हा तो हसलासुद्धा. "नाव कमळाकरच ठेवा, सरकारी कागदावर तेच हाय," एवढंच तो बोलला. मला वाटलं, झालं आता, सुटला.

चार दिवसांनी काशिराम खोपटाशी आला. तो मिठागराचा मुकादम, आणि पंचांतही मोठा. बरोबर महादेव होता. गंगाबाई धवलारीणही होती. आमच्या भागात लग्न भटजीवर अडत नाही, धवलारणीवर अडतं. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी गाते, तेव्हा लग्न लागतं. त्यांच्या मागून चंद्रावती पाण्याची कळशी घेऊन आली. कपाळ पांढरं, हात भुंडे. तिने आणि कमळाकरने एकमेकांना लांबून पाहिलं. वर्षभराने पाहत होते.

काशिराम म्हणाला, "चंद्रावती विधवा झालेली हाय. विधवेचं लगीन लागत नाय, पाट लागतो. गंगाबाय, तुजं काम नाय, धवला नको."

पाट म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. विधवेचा दुसरा संसार अंधारात, मांडवाशिवाय उरकतात. पाटाच्या बाईला पुढे कोणाच्या हळदीला बोलावत नाहीत. आणि इथे ते कोणाशी? तिच्या स्वतःच्याच नवऱ्याशी! रंभाला तिनेच तर अंगाखांद्यावर वाढवलं होतं, तिच्या हळदीला ती हात लावू शकणार नव्हती.

कमळाकर प्रथमच ताठ उभा राहिला, पण त्याच्या आधी चंद्रावती बोलली.

"पाट मेलेल्या नवऱ्यामागं लागतो. माजा मेलेला नवरा कोन, तो दाखवा मला."

"त्याचा बारावा झालाय, बाय," काशिराम म्हणाला.

"बारावा तुमी केला. तो मेला नाय, ही काय त्याची चूक झाली?" तिने कळशी खाली ठेवली. "मी पाट लावनार नाय. ह्याच्याशी नाय, कोनाशीच नाय. मी ह्याची लग्नाची बायको हाय. आजपासून ह्या खोपटान ऱ्हाते. वाळीत टाका."

महादेवने तिच्यापुढे हात जोडले. मग गंगाबाईने तोंडातलं पान थुंकलं.

"कासिराम, ह्यांचं लगीन कोनी लावलं?"

"तूच लावलंस."

"मग ते मोडलं का नाय ते मला इचार, तुज्या पारावर काय इचारतोस? आज ह्यांचं लगीन खोटं, तं उद्या मी लावलेलं सगलंच खोटं. मग तुज्या बायकोला पन पाट लाव." ती महादेवकडे वळली. "रंभीच्या मांडवाचं उंबर हीच दोघं आनतील. नाय आनलं, तं मी ह्या गावान तोंड उघडनार नाय. रंभीला नाय, नि कासिराम, तुज्या पोराला पन नाय."

लग्नाच्या मांडवासाठी उंबराची फांदी आणायची असते. ती आणायला शेल्याची गाठ मारलेलं जोडपं जातं, नवऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. तिथे पाटाचं जोडपं चालत नाही. म्हणजे ज्यांनी उंबर आणलं, त्यांच्या लग्नावर सगळ्या गावासमोर शिक्का बसला. काशिरामच्या मुलाचं लग्न रंभाच्या लग्नानंतर आठ दिवसांवर होतं. पोथी आणि रीत एका क्षणात कुठे गेली कोण जाणे. "बघू" म्हणून तो गेला, आणि पाटाचं नाव त्याने परत काढलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी पनवेलची बांगडीवाली हव्वाबी टोपली घेऊन खोपटाशी आली. तिने चंद्रावतीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "या अल्ला, किती वाळलीस गं बेटी." मग एक एक करून हिरव्या बांगड्या चढवल्या.

उंबरापाशी सारं गाव जमलं. वाजंत्री वाजत होती. कमळाकरने मला उचललं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. त्याने दात आवळून पुन्हा जोर केला. तेव्हा चंद्रावतीने त्याच्या मुठीखाली माझ्या दांड्याला हात घातला आणि दोघांनी मिळून घाव घातला. फांदी तिसऱ्या घावाला खाली आली.

महादेव गर्दीतून पुढे आला. त्याने भावाच्या त्या वाकड्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कमळ्या, दुखतंय का रं?"

नदीत कोसळताना न रडलेला, जंगलात दुसऱ्याला पुरताना न रडलेला तो माणूस तिथे, वाजंत्रीच्या समोर, लहान मुलासारखा रडला.

एवढं विचारायला त्यांना एकोणतीस दिवस लागले, मित्रांनो! पोथी विचारली, पंच विचारले, रीत विचारली, फक्त त्याला कोणी विचारलं नाही. मला तुम्ही अडगळीत टाका, गंजू द्या, माझ्यावर नारळ फोडा, माझी तक्रार नाही. पण मरणाच्या तोंडातून कोणी परत आला, तर त्याला वेशीवर उभा करू नका. आधी घरात घ्या, पाणी द्या आणि कुठे दुखतंय ते विचारा. बाकीचं पारावर बसून नंतर बोला.