हिरव्या फेट्याची झोळी

“आला, आला! झोळीवाला आला!”

सायली ओरडली आणि अंगणवाडीतली सगळी पोरं खिचडीच्या ताटल्या तशाच टाकून अनसूयाबाईंच्या मागं दडली. कुणी पदर धरला, कुणी निऱ्या. दारात दस्तगीर मुलाणी उभा होता. डोक्याला हिरवा फेटा, पांढरी दाढी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकं वर काढलेली मेथीची जुडी. नातीला, आल्फियाला, न्यायला तो रोज याच वेळी येई; आजोबाला ती दादाच म्हणे.

“व्हय तर,” डोळे मोठे करून तो म्हणाला, “आलोय खरा. कोण येतंय झोळीत? ज्यानं खिचडी टाकली त्यो पयला!”

पोरं किंचाळली, हसली, पुन्हा किंचाळली. दस्तगीरही हसला. मग त्यानं हात पुढं केला. “चल गं आल्फिया, मेथी निवडायची हाय आपल्याला.”

आल्फिया हलली नाही. बाईंच्या निऱ्यांआडून तिचा एकच डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्यात खेळ नव्हता.

“मी न्हाई जायची,” ती म्हणाली. “दादा झोळीत घालत्यात.”

पुढं केलेला हात तसाच राहिला. हसू तेवढं उतरलं.

“खेळतीया वो,” अनसूयाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

“खेळत न्हाई, बाई.”

त्या या गावात सून होऊन आल्यापासून तो त्यांना वयनी म्हणत आला होता. साऱ्या रिह्याच्या खोऱ्याच्या त्या बाई झाल्या, तरी त्याच्या तोंडी वयनीच. आज पहिल्यांदा बाई.

दस्तगीरची नजर भिंतीवर गेली. तिथं बाईंच्या गोष्टींच्या पुस्तकातलं चित्र मोठं करून लावलं होतं. अंधाऱ्या वाटेनं चाललेला एक म्हातारा, पाठीवर झोळी, झोळीतून बाहेर आलेला एक इवलासा पाय. म्हाताऱ्याच्या डोक्याला हिरवा फेटा, डोळ्यांत सुरमा. आपलाच फोटो कुणी आपल्याला न सांगता काढावा आणि तो परक्याच्या घरात सापडावा, तसा तो त्या चित्राकडं बघत राहिला.

“झ्याक काढलंय,” तो म्हणाला. “फेट्याचा पीळबी बराबर हाय.”

आणि वळून चालू लागला.

त्या दुपारी आल्फियाला घरी सोडायला अनसूयाबाईच गेल्या. भातकापणी झालेली. खाचरांत नुसते सड उभे, बांधावर पेंढ्यांच्या उडव्या. पोरीचा हात धरून त्या चालल्या होत्या, आणि बरंच पुढं दस्तगीर चालला होता. नातीनं भिऊ नये म्हणून पुढं. मागं वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही. ओढ्याकाठी पिराचं ठाणं येतं, तिथं रोजच्यासारखी मान तेवढी झुकवली आणि घरात गेला.

पुस्तक दिवाळीच्या आधी निघालं होतं. खाली नवीन सोसायटीत उत्कर्षा नावाची मुलगी राहते. मूळची साताऱ्याकडची, हिंजवडीला कंपनीत नोकरी, आणि रविवारी देवळाच्या सभामंडपात पोरांसाठी वाचनाचा तास. तिनंच एकदा बाईंना गोष्ट सांगताना ऐकलं आणि मोबाइल पुढं धरला. “अशा लोककथा हरवत चालल्यात बाई. आपण पुस्तक करू.” गोष्टी झाल्या, चित्रं झाली. मुखपृष्ठावर ‘अनसूयाबाईंच्या गोष्टी’ असं ठळक छापून आलं. जन्मभर बाईंचं नाव फक्त हजेरीपटाच्या खाली सहीपुरतं होतं. आता ते रंगीत झालं. पुस्तक उशाशी घेऊन त्या आठवडाभर झोपल्या. माहेरी पाठवलं, डेअरीवर दाखवलं, तालुक्याच्या मीटिंगला तर पिशवीतून ते मुद्दाम वर दिसेल असं नेलं.

मुलगा राजू उरवड्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला, हात धुऊन पानं चाळायला बसला आणि झोळीवाल्यापाशी थांबला.

“आये, ह्यो तर आपला दस्तगीरबाबा!”

“गप. चित्र हाय ते.”

“आगं, पर हुबेहूब...”

“जेव आधी.”

राजू जेवला. गोष्ट तिथंच मिटली, असं बाईंना वाटलं. तसं पाहिलं तर राजूच्या आधी त्यांनीच ओळखलं होतं. छापण्याआधी उत्कर्षानं चित्र मोबाइलवर पाठवलं होतं. “दिसतो कसा हा झोळीवाला?” असं तिनं विचारल्यावर फेटा, दाढी, सुरमा हे सगळं अनसूयाबाईंच्याच तोंडून गेलेलं. या खोऱ्यात तसा दिसणारा माणूस एकच. पण “थांबा” म्हटलं तर पुस्तक थांबेल, नाव थांबेल. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर आला तो बोडक्या डोक्यानं. दारात नाही, पलीकडं हापशापाशी उभा राहिला. कपाळाच्या वरच्या अर्ध्या भागाला कधी ऊन लागलंच नव्हतं. तो भाग कोवळ्या कातडीसारखा पांढराफटक दिसत होता. आल्फिया थोडी घुटमळली, मग गेली त्याच्याबरोबर.

तिसऱ्या दिवशीही तसाच. बाईंना राहवलं नाही. त्या हापशापर्यंत गेल्या.

“फेटा कुटं, भाऊ?”

“धुवाय टाकलाय.”

“कालबी धुवायलाच हुता?”

“लई मळलाय, बाई.” तो खाली बघून बोलला. “घरात खुंटीला फेटा दिसला तरी पोरगी माज्या मांडीवरनं उतरती. काल काय म्हनली ठाव हाय का? ‘दादा, तुमी नेलेली पोरं कुटं ठिवलीत?’”

हापशाच्या तोंडातून एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता.

“आता तिला काय दावू?” दस्तगीर म्हणाला. “कुटली पोरं दावू?”

एक पोर बाईंना दाखवता आलं असतं. ते त्यांच्याच घरात होतं.

राजूच्या आधीची दोन लेकरं बारशालाही पोचली नव्हती. राजू झाला तेव्हा सासूबाई, धोंडाबाई, त्याला फडक्यात गुंडाळून तडक ओढ्याकाठी निघाल्या. ओली बाळंतीण मागोमाग. या खोऱ्यात रीतच होती तशी: ज्या घरात लेकरू जगत नाही, त्या घरानं ते पिराच्या पदरात टाकायचं आणि धान्य देऊन पुन्हा मागून घ्यायचं. म्हणजे ते आपलं राहत नाही. मग परक्याचं लेकरू मरण कशाला नेईल? दस्तगीर तेव्हा मिसरूड फुटलेला जवान होता, बाप नुकताच गेलेला, ठाण्याची सेवा नवी नवी अंगावर आलेली. त्यानं डोक्याचा हिरवा फेटा सोडला. दोन टोकं त्यानं धरली, दोन टोकं धोंडाबाईंनी. त्या झोळीत राजू पडला, आणि जन्मल्यापासून कुंथत असलेलं ते पोर गाढ झोपलं. धोंडाबाईंनी पसाभर आंबेमोहोर झोळीत ओतला, पोर उचललं आणि तिथंच ओवी धरली:

*पिराच्या गं झोळीमंदी टाकिला मी माझा राजू*
*पसाभर तांदुळानं मोल त्याचं कसं मोजू*

राजू जगला. दर उरुसाला अनसूयाबाई पसाभर तांदूळ घेऊन जात. आणि राजू चालायला लागला तो तडक मुलाण्याच्या घरीच. तिथं जेवायचा, तिथंच निजायचा. “मी दस्तगीरबाबाचा हाय,” असं विहिरीवरच्या बायांना सांगायचा. बाया हसायच्या. “अनसे, तुजं पोर फकिराचंच झालं की गं!” त्या हसण्यात कुसळ असायचं. एकदा ते खोल रुतलं. त्या रात्री राजू जेवेना, तिकडंच जायचं म्हणून रडू लागला, तेव्हा अनसूयाबाईंनी त्याला मांडीवर घट्ट धरून एक गोष्ट सांगितली. सासूबाईंच्या गोष्टीतल्या, पोरं झोळीत घालून नेणाऱ्या बागुलबुवाला तोंडच नव्हतं. अनसूयाबाईंनी त्याला तोंड दिलं. दाढी दिली. हिरवा फेटा दिला.

राजू पुन्हा ओढ्याकडं गेला नाही. दस्तगीर दोनचारदा विचारायला आला. “पोरगं रुसलं काय वयनी?” त्या वर्षीपासून उरुसाचे तांदूळही गेले नाहीत.

मग ती गोष्ट अंगणवाडीत आली. रडणाऱ्या, न जेवणाऱ्या पोरांना लागू पडायची. वर्षांमागून वर्षं गेली, आणि बाईंना खरंच वाटू लागलं की ती कुणा जुन्या माणसाकडून आलेली गोष्ट आहे.

रविवारी त्या सभामंडपात गेल्या. उत्कर्षा सतरंजी झटकत होती.

“ती झोळीवाल्याची गोष्ट काढून टाका मॅडम.”

“का हो? मुलांची फेवरेट आहे ती.”

“आमच्या गावातल्या माणसासारखा दिसतोय तो.”

उत्कर्षा जराशी गोंधळली. “अहो, पण लोककथेत असतंच ना असं. आपण थोडंच कुणाला उद्देशून... हवं तर पुढच्या आवृत्तीत फेट्याचा रंग बदलू. निळा करू?”

“रंगाचं न्हाई वो ते.” शुद्ध बोलायचं बाई विसरून गेल्या. “ती लोककथा न्हाई. मी रचली ती. एका जित्या माणसावर रचली.”

उत्कर्षाच्या हातातली सतरंजी अर्धी उलगडलेलीच राहिली. “मग तेव्हा का नाही बोललात, बाई?” ती म्हणाली.

अनसूयाबाईंनी मुखपृष्ठाकडं पाहिलं. आपल्या नावाकडं.

“नाव आलं हुतं ना,” त्या म्हणाल्या.

“मलाही विचारायचं सुचलं नाही,” उत्कर्षा हळूच बोलली. “हिरवा फेटा म्हणालात, मी लगेच हो म्हणून गेले. मला तो माणूस जणू आधीपासून माहितीच होता.” मग तिनं मान हलवली. “पुढच्या वेळी ती गोष्ट नसेल. पण या प्रती तालुक्यातल्या शाळांत गेल्यात. त्या कशा परत आणू?”

सोमवारी बाईंनी भिंतीवरचं चित्र उतरवलं. पोरं गोळा झाली.

“आज त्याच झोळीची गोष्ट,” त्या म्हणाल्या. “पर खरी. एक आई हुती. तिची लेकरं जगत न्हवती. मग झोळीवाल्या बाबानं आपला फेटा सोडला, त्याची झोळी केली, आन् तिचं बाळ त्यात निजवलं. ते बाळ जगलं.”

“आन् पळवलं न्हाई?” सायलीनं विचारलं.

“न्हाई. आईला माघारी दिलं.”

“मग पुस्तकात खोटं लिवलंय?”

“व्हय.”

“कुणी लिवलं?”

पोरं वाट बघत होती. कोपऱ्यात आल्फिया अंगठा चोखत होती. तिनं तो तोंडातून काढला.

“मी,” बाई म्हणाल्या.

सायलीनं थोडा विचार केला. “मला पयलीच आवडती,” ती म्हणाली. “तिच्यात भ्या वाटतं.”

संध्याकाळी अनसूयाबाईंनी कणगीतून आंबेमोहोर काढला. पदरात घेतला. ओढ्याच्या वाटेनं त्या इतक्या हळू चालल्या की मागून येणारी गुरंही त्यांना ओलांडून गेली.

दस्तगीर ओट्यावर दावं वळत बसला होता. आल्फिया अंगणात ठिकरी खेळत होती. उघड्या दारातून आतली खुंटी दिसत होती, आणि खुंटीवर नीट घडी घातलेला फेटा.

बाई उभ्याच राहिल्या. “राजू तुमच्याकडं यायचा बंद झाला, ते...”

“ठाव हाय मला,” दस्तगीर म्हणाला. हात दाव्यावर चालूच होते. “पोरगं एकदा शाळंच्या वाटंला दिसलं. मी हाक मारली, तर चड्डीत मुतलं. तवाच उमगलं, कायतरी सांगितलंया. म्हनलं, लेकराचं हाय, इसरंल मोठं झाल्यावर.”

“मग मला कदी बोलला न्हाई?”

“तुमचं एकच जगलेलं. म्हनलं, भितीया आई.” त्यानं पीळ ओढून घट्ट केला. “आता मातर पोरगी माजी हाय, बाई.”

“मी ती गोष्ट काढाय लावली. मॅडमला सांगितलं समदं.”

“गोष्ट काय गाय हाय व्हय, दावं धरून माघारी आणायला? गेली ती. आता दुसऱ्या कुटल्या गावातला म्हातारा बगंल तिच्याकडं.” तो हे रागानं म्हणाला नाही. पाऊस लांबलाय असं म्हणावं तसं म्हणाला.

अनसूयाबाईंनी पदर पुढं केला. “उरुसाचं ऱ्हायलं हुतं.”

त्यानं तांदळाकडं पाहिलं. आंबेमोहोराचा वास ओट्यावर पसरला. त्याचा हात सवयीनं डोक्याकडं गेला, फेटा सोडायला, आणि उघड्या केसांवर टेकून खाली आला. आत जाऊन तो खुंटीवरचा घेऊन येईल, असं बाईंना वाटलं. तो उठला नाही. त्यानं दावं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांची ओंजळ केली.

ओंजळ किती पुरणार! तांदूळ बोटांच्या फटींतून सांडू लागले.

“दादा, सांडतंय!” आल्फिया धावत आली. तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत धरला, पसरला आणि दादाच्या ओंजळीखाली उभी राहिली.

“टाका हितं,” ती म्हणाली.