आबांच्या बुलेटचं वायसर

आमच्या ह्यांना, म्हणजे अमरसिंहांना, मोटरसायकलचं एकच काम येतंय. गॉगल लावून जुन्या बुलेटवर बसायचं, फोटो काढायचा नि स्टेटसला ठेवायचा. गाडी माझ्या आबांची. हुपरीत आमचा घरातच चांदीच्या पैंजणाचा धंदा हुता, नि तयार माल आबा ह्याच गाडीवरनं कोल्हापुरात आणायचे. जाताना त्यांनी गाडी लेकीला दिली, जावयाला न्हाय. आमच्या शहाण्यानं त्यातलं 'न्हाय' तेवढं ऐकलं न्हाय.

गेल्या महिन्यात गाडीचं तेल गळायला लागलं. इंजनाच्या वरच्या अंगाला तेल नेणारी एक बारीक नळी असती. तिच्या टोकाला बोल्ट, नि बोल्टाला दोन्हीकडनं तांब्याचं एकेक वायसर, म्हणजे भोकाची चपटी चकती. तिथनं थेंब थेंब फरशीवर. ह्यांनी पाना घेतला नि आवळलं. गळती वाढली. मग ह्यांचा दोस्त पृथ्वीराज आला, मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत. दोघांनी मिळून आणखी आवळलं. मग वरनं सील थापलं. तरी तेल आपलं चालूच. दोन बापई माणसं, नि अक्कल म्हणाल तर दोघांची मिळून त्या पान्याच्या तोंडात मावंल एवढी.

"इंजनच गेलंय," ह्यांनी निकाल दिला. "पुण्याचा एकजण मागं लागलाय. रविवारी बोलावतो नि देऊन टाकतो."

"माझी गाडी हाय ती," मी म्हटलं. "आबांची तेवढीच एक वस्तू राहिलीया माझ्याजवळ."

"मग थांबव की गळती. रविवारच्या आत थांबली तर ठेवू. शब्द दिला, जा." नि पृथ्वीराजाकडं बघून हसले. तो पण हसला. त्याला हसायला कारण लागत न्हाय.

शनिवारी सकाळी हे बाहेर गेलते. मी बोल्ट सोडला, सगळं सील खरवडून काढलं. वायसर बघितलं तर आवळून आवळून कडक झालेलं. अहो, चांदीची तार पण ठोकून ठोकून अशीच कडक होती. मग तिला जाळावर लाल करायची नि गार करायची, की परत मऊ. हुपरीत हे शाळेतल्या पोरीला येतंय. तांबं काय येगळं हाय? मी गॅस पेटवला, वायसर चिमट्यात धरून लाल केलं नि पाण्यात टाकलं. दुसरं पण तसंच. मऊ वायसर जागेवर नीट बसतंय, ढोरासारखा जोर लावायला लागत न्हाय. बेतानं आवळलं नि गाडी अर्धा तास चालू ठेवली. फरशी कोरडी ठणठणीत.

रविवारी पुण्याचे पावणं आले. पांढरेशुभ्र बूट. वाकून बघितलं नि म्हणाले, "तुम्ही तर गळतेय म्हणाला होतात."

"मी केली दुरुस्त," आमचं ध्यान म्हणालं. "दोन दिवस खपलोय." नि लागले सौदा करायला.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "शब्द दिलता तुमी."

"पावण्यांम्होरं बोलू नको. च्या टाक."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी च्या टाकला. येताना ट्रेमध्ये कपांशेजारी पाना नि आबांची हातोडी पण आणली. ट्रे पावण्यांच्या हातात दिला, बोल्ट सोडला, दोन्ही वायसरं पायरीवर ठेवली नि चांगले ठोके हाणले. मग ती ह्यांच्या तळव्यावर ठेवली.

"तुमीच केलंय न्हवं? बसवा की परत. पावण्यांना बघू दे."

आता न्हाय कसं म्हणणार? बसले खाली. पाना दोनदा हातातनं पडला. दात-ओठ खाऊन आवळलं नि गाडी चालू केली. पावणं बघायला वाकले तोवर तेल त्यांच्या बुटावर. त्यांनी निवांत च्या संपवला, बूट पुसला, "जमलं की फोन करा" म्हणाले नि गेले.

आज पंधरा दिवस झाले. पृथ्वीराज नवीन व्हिडिओ घेऊन येतोय, दोघं आवळत बसत्यात. दोन ठोक्यांनी वायसरचं काय झालं, हे विचारलं असतं तर मी सांगितलं पण असतं. पण ते मला विचारायला लागतंय.