मधेच वाजणारी घंटी

मी घंटी बोलतेय. शाळेतली नाही, सायकलवरची नाही आणि दारावरची तर मुळीच नाही. मी टेबलावर बसून असते. माझ्या डोक्यावरची खुंटी दाबली, की पोटातला इवलासा हातोडा उडतो आणि मी 'टिंग' म्हणते. आयुष्यात मला एवढा एकच शब्द येतो, पण त्यावर माझं छान भागलं.

पितळेच्या पत्र्यातून एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली नोकरी एका लॉजच्या काउंटरवर. पुढे लॉज बंद पडलं आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडले. तिथून मला मोठ्या मॅडमनी उचललं. त्या एक कौटुंबिक सल्ला केंद्र चालवत. घरात पटत नसलेली माणसं तिथे येत आणि आल्याची वर्दी मी देत असे.

बोटावरून माणूस कळतो, हे मी तिथे शिकले. चिडलेला नवरा मला थापच मारायचा. बायको इतकं हळू दाबायची, की मला वाजताच यायचं नाही. एक आजोबा मला वाजवून झालं की माझीच माफी मागत. मी वाजले, की मोठ्या मॅडम हातातलं काम टाकून बाहेर येत. 'टिंग' म्हणजे कुणाला तरी काही सांगायचंय, असा माझा सरळ समज होता.

पुढे त्यांची सूनही केंद्रात काम करू लागली. सासू-सुनेचं छान चालायचं, भांडण म्हणून कधी नाही. फक्त एक गोष्ट मी काउंटरवरून पाहत असे. सुनेने "आई, मला वाटतं की" असं म्हटलं, की पुढचं वाक्य सासूबाईच पूर्ण करून टाकत. लोकांच्या मनातलं ओळखायची त्यांची सवयच ती. सून हसून मान डोलवायची आणि आपल्या टेबलाशी परत जायची.

मग परिषद आली. गावोगावचे सल्लागार आणि कुटुंबांसाठी काम करणारे कार्यकर्ते दोन दिवस एकत्र जमणार होते आणि सगळी जबाबदारी पहिल्यांदाच सुनेवर होती. वक्त्यांना वेळेत थांबवायला तिने मला सोबत घेतलं. मला काही ते पटलं नाही. जन्मभर मी 'या, ऐका' म्हणत आले आणि आता मला 'पुरे' म्हणायचं होतं.

पहिले वक्ते निमूट थांबले. मग मोठ्या मॅडम उभ्या राहिल्या. विषय होता, घरात एकमेकांचं ऐकून कसं घ्यावं. वेळ संपली तरी त्या थांबेनात. सुनेचं बोट माझ्या डोक्यावर आलं. टिंग. त्या बोलतच राहिल्या. टिंग, टिंग. त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, कागद गोळा केले आणि खाली जाऊन बसल्या. चहाच्या वेळी त्या सुनेशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पोरीचा उतरलेला चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शेवटी सगळ्यांचे अभिप्राय घ्यायचे होते. त्यावरून पुढच्या वर्षीची परिषद ठरणार होती. छापील कागद वाटले, भरून आले, आणि सगळ्यांवर 'उत्तम'. वक्त्या आजारी पडल्यामुळे जे सत्र झालंच नाही, तेही उत्तम. एरवी दुसऱ्यांना 'मनातलं मोकळेपणाने बोला' म्हणणारी ही मंडळी, स्वतःवर पाळी आल्यावर मूग गिळून बसली होती.

सुनेने कागद बाजूला सारले आणि मला पुढच्या टेबलावर ठेवलं. "ज्याला खरं काय ते सांगायचंय, त्याने इथे येऊन घंटी वाजवायची," ती म्हणाली. "तो बोलत असताना मधे कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग मागच्या रांगेतले एक टकलू गृहस्थ आले. मागे बसणाऱ्यांना दोन दिवस नुसत्या माना दिसल्या, असं म्हणाले. सगळे हसले आणि मग रांगच लागली. सत्रं फार झाली, चहाची सुट्टी कमी पडली. मुलांना सांभाळायची सोय नव्हती, म्हणून कुटुंबाच्या परिषदेला येणाऱ्यांना कुटुंबच घरी ठेवून यावं लागलं. सून भराभर लिहून घेत होती. माझी स्प्रिंग दमली, पण मी खुशीत होते. ही माझी ओळखीची बोटं होती, काहीतरी सांगायला आलेली.

मग मोठ्या मॅडम उठल्या. सुनेचं पेन थांबलं. त्यांनी मला अगदी हळू दाबलं.

"माझी तक्रार घंटीबद्दल आहे," त्या म्हणाल्या. "ती उशिरा वाजली. मीच आधी थांबायला हवं होतं. काल मला राग आला, कारण आजवर मला असं मधे कुणी थांबवलंच नव्हतं. आता तू सांग. तुझं माझ्याबद्दल काय म्हणणं आहे?"

सुनेच्या हाताशी माईक होता. तरी ती चालत माझ्यापाशी आली. टिंग.

"आई, तुम्ही माझी वाक्यं पूर्ण करता," ती म्हणाली. "आणि दरवेळी चुकीची करता."

सभागृहात हशा पिकला. मोठ्या मॅडमनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाल्या, "एक तरी बरोबर वाक्य सांग."

"मला वाटतं की," सून म्हणाली आणि अडखळली. सासूबाई गप्प राहिल्या. "मला वाटतं की, परिषद चांगली झाली, असं तुम्ही म्हणावं."

"चांगली झाली," सासूबाई म्हणाल्या. "उत्तम नाही. चांगली."

ढीगभर 'उत्तम' वाचून जिचा चेहरा हलला नव्हता, ती पोर हसता हसता रडायला लागली.

आता केंद्रात नवी घंटी आलीय आणि मी या दोघींच्या जेवणाच्या टेबलावर असते. पितळ काळवंडलंय, स्प्रिंग सैल झालीय, पण माझं बरं चाललंय. परवा जेवताना सून म्हणाली, "आई, मला वाटतं की." पुढचं वाक्य सासूबाईंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी झटकन हात लांब केला, स्वतःच मला वाजवलं आणि गप्प बसल्या. जेवण गार होईपर्यंत सून बोलत होती.

तुमच्या टेबलावर मी नाही. म्हणून एवढंच मागते, कुणी 'मला वाटतं की' म्हणालं, की जरा थांबा. पुढचं त्यांचं त्यांना म्हणू द्या.

माझी वेळ संपली. टिंग.