गाणाऱ्यांचे बाकडे

मी एक जुने बाकडे आहे. डब्लिन शहरात, ट्रामच्या रस्त्याला लागून असलेल्या एका चिंचोळ्या पबात, खिडकीखाली माझी जागा होती. होती म्हणते, कारण आता ती नाही. मित्रांनो, मी रागावून बोलणार आहे. मुळूमुळू रडणे माझ्या स्वभावात नाही.

पबाची मालकीण नोरीन हिने एका सुताराकडून मला ओकच्या लाकडाचे करून घेतले. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना दम भरला, "हे बाकडं गाणाऱ्यांचं. बाकीच्यांनी उभं राहून प्यायचं."

तेव्हाही पबात पाय ठेवायला जागा नसे. पण गाणे सुरू झाले की सगळे चिडीचूप! बिअरचा नळसुद्धा बंद. गिऱ्हाईक अर्धा भरलेला ग्लास बघत मुकाट्याने उभे राही. गाणे संपले की गाणारा पुढच्याचे नाव पुकारी, आणि त्याने गायलेच पाहिजे. मग तो वकील असो की हमाल. एका गवंड्याला काहीच येईना, तर पठ्ठ्याने सातचा पाढा चालीवर म्हटला. काय टाळ्या पडल्या! जाताना लोक माझ्या पाठीवर थाप मारून जात.

नोरीन गेली आणि तिचा मुलगा फिन्टन मालक झाला. गावोगावचे पाहुणे लोटू लागले. येईनात का! पण माझ्यावर ओले कोट फेकायचे, चिखलाचे बूट ठेवायचे, ही कुठली रीत?

एका शनिवारी दुपारी ब्रीड गायला बसली, साथीला एक व्हायोलिनवाला आणि एक बासरीवाला. ती बाजारात मासे विकते, नोरीनची जिवाभावाची मैत्रीण. फिन्टन तिला म्हणाला, "मावशी, आजचा दिवस गाऊन घ्या. सोमवारी इथे स्पीकर लावतोय. बाकडं काढलं की आणखी दहा माणसं मावतील."

"दहाच का? वीस कोंब की! मी मासेसुद्धा इतके दाबून रचत नाही."

तिने नोरीनचे आवडते गाणे धरले. हिरवी टोपी घातलेला एक पाहुणा मित्रांना ओरडून काहीतरी सांगतच होता. त्याचे एक सोडा, तो परका. पण फिन्टन? त्याने नळ चालूच ठेवला! आईचे गाणे चालले असताना! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ब्रीडने गाणे पुरे केले आणि नाव पुकारले, "फिन्टन!"

नेहमीची माणसे फिन्टनकडे वळून बघू लागली. त्याने एक ओळ जरी म्हटली असती, तरी मला हलवायला त्याचा हात धजला नसता.

"अहो मावशी, गर्दी बघताय ना?"

"एक कडवं म्हण. तुझ्या आईचं."

"लोक हसतील मला."

"हसू देत. तुला काय भोकं पडणार आहेत का?"

"नाही जमायचं. दुसऱ्या कुणाला तरी पुकारा." आणि तो पुढचा ग्लास भरू लागला.

ब्रीड उठली. "या घरात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. पहिला नकार घरधन्याचाच! आता हे घर नाही फिन्टन, दुकान आहे तुझं." तिने कोट चढवला. व्हायोलिनवाल्याने आणि बासरीवाल्याने आपापली वाद्ये पेटीत ठेवली आणि तेही तिच्यामागून बाहेर पडले.

"वा, जागा झाली!" हिरवी टोपी म्हणाली आणि माझ्यावर धपकन बसली.

मित्रांनो, कुठे कोणी गात असेल, तर तोंड मिटून ऐका. आणि तुमचे नाव पुकारले, तर गर्दीचे निमित्त सांगू नका. बेसूर का होईना, गा. नाही म्हणणाऱ्या एका माणसापायी मी आज मागल्या अंगणात, रिकाम्या पिंपांशेजारी पावसात कुजते आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.