गोंदलेली अंगठी

इंदूबाईंच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत असत. मे महिन्यात दारव्ह्यातली कुत्री नालीत जाऊन बसतात, तेव्हाही. टेलर नौशाद सुरुवातीला दोन-चारदा म्हणाला होता, "चाची, उन्हाळा आहे, बाही थोडी आखूड करू का?" इंदूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. शेजारणींनी आपसात ठरवून टाकलं होतं की बाईच्या हाताला कोड असणार. हे इंदूबाईंच्या कानावर आलं होतं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. कोड आहे म्हणाले तरी चालेल, पण गोंदण दिसायला नको.

गोंदण दोन्ही हातांवर होतं, मनगटापासून वर कोपरापर्यंत. लहानपणी, धड दातही पडले नव्हते तेव्हा, आईनं मांडीत दाबून धरलं आणि गोंदणारणीनं सुया टोचल्या. इंदू तिला चावली होती म्हणे. पुढे थोड्याच वर्षांत घरानं धम्म घेतला. आजोबांनी देव टोपल्यात भरले, नदीत सोडले आणि घरी येऊन सांगितलं, आजपासून या घरातल्या पोरींना गोंदायचं नाही, ते जुनं संपलं. पाठच्या दोन्ही बहिणींचे हात कोरे राहिले. इंदूचं मात्र जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. देव नदीत सोडून मोकळं होता येतं, हात कुठे सोडणार?

तर अशा बाईच्या घरात सून आली ती बोटावर गोंदण घेऊनच.

कापसानं सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. इंदूबाईंचा मुलगा राजदीप सरकी काढायच्या ज्या जिनिंग कारखान्यात कामाला होता, ती कधी चालू, कधी बंद. त्याचं आणि दीपमालेचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांनी समजूतदारपणे सांगून टाकलं की सोन्याचं नाव काढायचं नाही. पण स्टेजवर अंगठ्या घालायची हौस दोघांनाही होती. आजकाल सगळेच घालतात, फोटोवाला तेवढ्यासाठी टपून बसलेला असतो. राजदीपला तशीही जिनिंगमध्ये अंगठी चालत नव्हती. कापसात धातूचा तुकडा गेला तर ठिणगी उडते, आणि एका ठिणगीत अख्खी गंजी जाते. म्हणून फाटकावरच हात तपासत. मग दीपमालेनंच डोकं चालवलं. आठवडी बाजारात मशीन घेऊन बसणाऱ्या गोंदणाऱ्याकडे दोघं गेले आणि डाव्या हाताच्या अनामिकेवर अंगठ्या गोंदून आले. दोन बारीक रेघा आणि मधोमध पिंपळाचं इवलंसं पान.

लग्नात त्रिशरण-पंचशील झालं, हार घालून झाले, कोणीतरी ओरडलं, "अंगठ्या, अंगठ्या!" दोघांनी हसत हात वर केले. मित्रांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं बोटांचा जवळून फोटो घेतला. इंदूबाईंनी मात्र मान खाली घातली ती जेवणं होईपर्यंत वर केली नाही. त्यांना वाटत होतं, मांडवातलं प्रत्येक माणूस त्या बोटांकडून आता आपल्या बाह्यांकडे पाहणार.

सून तशी गुणाची. बारावी झालेली, कामाला चपळ, बोलायला गोड. तिच्या भाकरीला इंदूबाईंनी कधी नाव ठेवलं नाही. पण दारात कोणी आलं की म्हणायच्या, "तू थांब व, पाणी उर्वशी नेईन." उर्वशी म्हणजे त्यांची धाकटी, लग्नाची मुलगी. पहिल्यांदा दीपमालेला वाटलं, सासूबाई लाड करताहेत. तिसऱ्या-चौथ्यांदा तिला कळलं की आपण पाहुण्यांसमोर गेलेलं यांना नको आहे.

ती राजदीपजवळ रडली. राजदीपनं आईला विचारलं, "माय, काहून असं करतं तू? तिनं काय चोरी केली का?"

"तिचं बोट पाह्यलं का?"

"मंग माहं बी पाह्य ना! माह्याबी बोटावर तेच हाये."

"तुह्या बोटाकडे कोण पाह्यते?" इंदूबाई म्हणाल्या. हे अगदी खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त वाईट होतं. राजदीप पायात चपला सरकवून निघून गेला. पुरुषांना ही सोय बरी असते.

त्यात उर्वशीला स्थळ आलं. मुलगा संघदीप, घर मारेगावचं, यवतमाळला वीज कार्यालयात कायम नोकरी. कापसाच्या भावाशी ज्याच्या पगाराचा संबंध नाही असा जावई त्या वर्षांत कोणाला नको होता? मुलगा, त्याची आई आणि आजी रविवारी मुलगी पाहायला येणार असा निरोप आला. इंदूबाईंनी घर सारवल्या जमिनीपासून छतापर्यंत झाडून काढलं. उरलं एकच.

शुक्रवारी दुपारी त्या सुनेला म्हणाल्या, "रविवारी बोटाले चिंधी बांध. नाही तं स्वयंपाकघरातच राह्य."

"आई, पिंपळाचं पान हाये ते. आपलंच हाये ना?"

"पान असो का फूल. गोंदण ते गोंदण. शिकलेली पोरगी तू, अन् जुन्यातल्या बायांसारखं टोचून आली. लोकं म्हणतीन हे अजून तिथंच हायेत."

"शहरात तं फॅशन हाये आई."

"तुह्या फॅशनीपायी माह्या पोरीचं स्थळ जाईन!" इंदूबाईंचा आवाज चढला, आणि चढलेल्या आवाजात त्या बोलू नये ते बोलून गेल्या. "आमच्या वक्ताले बायांले लाज तरी होती. बिब्बा लावून जाळून टाकत, पण मिरवत नव्हत्या."

दीपमालेनं परात पुढे ओढली. तिनं पीठ मळायला घेतलं.

बिब्बे घरातच होते. पायाच्या भेगांसाठी इंदूबाईंनी डब्यात ठेवलेले. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की लगेच काही होत नाही, हेच त्याचं वाईट. माणसाला वाटतं, काहीच झालं नाही, अजून थोडं लावावं. दीपमालेनं सुई तापवून बिब्ब्यात खुपसली, तेल काढलं आणि पानावर लावलं. मग रेघांवर लावलं. मग अजून थोडं.

रविवारी सकाळी ती कणीक मळेना. एका हातानं भांडी सरकवत होती. इंदूबाई म्हणाल्या, "हात दाखव." तिनं दाखवला. बोट काळंनिळं सुजून दुप्पट झालं होतं, वर पाण्यानं भरलेले फोड. पिंपळाचं पान कुठे होतं ते आता सांगता आलं नसतं.

इंदूबाई तिथंच खाली बसल्या. काय झालं हे त्यांना विचारायची गरज नव्हती. असे फोड त्यांनी आधी पाहिलेले होते. स्वतःच्याच उजव्या मनगटावर.

त्या नव्या नवरी असतानाची गोष्ट. सासरे शाळेत मास्तर, घर सुधारलेलं, भिंतीवर पुस्तकांची फळी. सासू फक्त एकदा म्हणाली होती, "आमच्या घरी असे हात नाही चालत." दुसऱ्या दिवशी इंदूनं बिब्बा आणला. गोंदण गेलं नाहीच. मनगटावरचं अर्धं जळालं, अर्धं डागांतून तसंच डोकावत राहिलं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, चूल लागली. त्यानं विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोपं होतं. तेव्हापासून बाह्या लांब.

"खोबऱ्याचं तेल लावलं का?" एवढंच इंदूबाईंना विचारता आलं.

"लावलं आई. तुम्ही नका घाबरू. मी चिंधी बांधते. कोणाले काही कळणार नाही."

ती सासूलाच धीर देत होती. इंदूबाईंना जमिनीत शिरावंसं वाटलं. माफी मागावी, जवळ घ्यावं, काहीतरी करावं. पण दारात जीप थांबली आणि त्या पदर सारखा करत उठल्या. आयुष्यभराची सवय. आधी पदर, मग माणूस.

जयभीम झाला, पाणी झालं. संघदीप लाजून कोपऱ्यात बसला. त्याची आई पंख्याखालची जागा पाहून बसली. मग राजदीपच्या हाताला धरून आजी आत आल्या. मोतीबाई त्यांचं नाव. टेकल्या त्या खाटेवर, पदरानं वारा घेतला, आणि वर केलेले दोन्ही हात इंदूबाईंनी पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंगार गोंदण. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका. चोळीच्या बाह्या दंडाला घट्ट. आणि त्यांच्या नातवाला, सुनेला, कोणालाच त्याचं काही नव्हतं. नातू उलट आजीच्या त्या हातावरचा घाम रुमालानं पुसत होता.

इंदूबाई त्या रुमालाकडे पाहत राहिल्या. या लोकांना भिऊन आपण हे केलं?

उर्वशी चहा घेऊन आली. मोतीबाईंनी तिचं नाव, शिक्षण विचारलं, आणि मग त्यांची नजर बशी धरलेल्या राजदीपच्या बोटावर गेली.

"हे काय रे? पोट्ट्यानं गोंदलं?"

राजदीप हसला. "अंगठी हाये आजी. जिनिंगमंदी खरी चालत नाही."

"पाह्य बाई!" मोतीबाई सुनेला म्हणाल्या. त्यांना फार मजा वाटली. "आमच्या वक्ताले बायाच गोंदत, माणसं नुसती पाह्यत. आता माणसं बी टोचून घेऊन राह्यली. बरं झालं. जोडीचं हाये का? बोलाव तुह्या बायकोले, तिचं बी पाहू दे."

दीपमाला चिवड्याची ताटली घेऊन दारातच उभी होती. चिंधी बांधलेला हात तिनं ताटलीखाली घेतला.

"इकडे ये व माय. काय झालं बोटाले?"

"काही नाही आजी," दीपमाला म्हणाली. "तवा लागला."

किती सहज म्हणाली! सासूकडे पाहिलंसुद्धा नाही, चुकूनही कोणाला शंका येऊ नये म्हणून. राजदीपनं मान हलवली. त्यालाही सकाळी तिनं तेच सांगितलं असणार, आणि त्यानंही विश्वास ठेवला होता. इंदूबाईंना बापाचा मुलगा दिसला त्याच्यात. त्यांना स्वतःचा तो आवाज ऐकू आला, चूल लागली म्हणणारा, आणि त्या आवाजापलीकडे पडवीत बसून तांदूळ निवडणारी आपली सासू दिसली. तिनं ते ऐकलं होतं. तिला सगळं माहीत होतं. तिनं तांदूळ निवडणं थांबवलं नव्हतं. त्याबद्दल इंदूबाईंनी तिला ती मरेपर्यंत मनातून क्षमा केली नव्हती.

"तवा नाही लागला," इंदूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. उर्वशीनं डोळे मोठे केले, गप्प बस म्हणून.

"बिब्बा लावला तिनं. गोंदण जाळाले. मी बोलली होती तिले. तुम्ही येणार, तुमाले दिसन, म्हणून बोलली."

"आई, राहू द्या ना," दीपमाला पुटपुटली. राजदीपच्या हातातली बशी तिरपी झाली आणि चहा पँटवर सांडला. त्याला ते कळलंही नाही.

इंदूबाईंनी उजव्या बाहीचं हूक काढलं. दुसरं हूक निघेना. शेवटी त्यांनी बाही तशीच ओढून कोपरावर नेली. स्वतःच्या पोटच्या मुलांनीही तो हात कधी उजेडात पाहिला नव्हता. वर कोपराकडे हिरवी नक्षी धड होती. खाली मनगटापाशी कातडी आक्रसलेली, चकाकणारी, आणि तिच्यातून अर्धं फूल.

मोतीबाई खाटेवरून पुढे वाकल्या, त्यांनी तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि डागावरून अंगठा फिरवला.

"लई जाळलं व माय," त्या म्हणाल्या. "घरच्यांले काय सांगतलं होतं?"

इंदूबाईंनी सुनेकडे पाहायचा प्रयत्न केला. तिच्या तोंडापर्यंत नजर गेली नाही. ताटलीखालच्या चिंधीपर्यंतच गेली.

"चूल," त्या म्हणाल्या.