बत्तीस घरांचे बी

५ ऑक्टोबर २०२४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. कोगनोळीच्या समाजमंदिरात हरिभाऊंनी ओल्या गोणपाटाची गुंडाळी समोर ठेवली. आत गावरान शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, शंभर दाणे होते, दहा-दहाच्या दहा ओळी. पंचाहत्तर उगवले तरच गावाच्या बियाणे बँकेतले बी पेरणीला वाटायचे, हा नियम त्यांनीच घातला होता. दुकानातले बी घेऊ नका, हेही बँकेवर विसंबलेल्या बत्तीस घरांना त्यांनीच सांगितले होते. आणि राख मिसळून बांबूच्या कणगीत ठेवण्याऐवजी प्लॅस्टिकच्या पिंपात साठवण्याचा हट्टही त्यांचाच.

"चार दिवसांत धा वेळा उघडून बघितलासा. बी लाजतंय की, अण्णा," बँक सांभाळणारी यल्लव्वा म्हणाली.

पहिल्या ओळीत चारच मोड निघाले. हरिभाऊंनी तीच ओळ पुन्हा मोजली.

"कडेचं गोणपाट वाळलंय, तुमच्याच हातानं. मोजा म्होरं."

"पुन्हा चाचणी घ्यायला वेळ नाही गं. पेरणीजोगा वाफसा सोमवारपर्यंतच राहील."

नवव्या ओळीअखेर आकडा सदुसष्ट झाला. शेवटची घडी त्यांच्याने उलगडेना. ती यल्लव्वाने उलगडली. दोनदा मोजून हरिभाऊंनी वहीत लिहिले: शंभरपैकी शहात्तर.