ऑक्टोबरातले मोजे

रविवार, सकाळचे आठ. पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरात पोहे भिजताहेत आणि हर्षाली डबे उघडतेय. साखर. रवा. शेंगदाणे. गोळ्या कुठायत?

"आई, आठवडा झाला."

"पाहुणे जाऊ दे, मग घे. त्या गोळ्यांनी तोंड फुगतं तुझं. फोटोत एक, समोर भलतीच, असं म्हणतील."

"डॉक्टर म्हणाले, एक दिवसही चुकवू नका."

"तुझं अडलं की पायलचंही अडेल. डॉक्टर लग्नं जमवणारेत का?"

धाकटी पायल मान खाली घालून कोथिंबीर निवडत राहिली. आठवडाभर हर्षालीनंही आईचं ऐकलं होतं.

एप्रिलात पायाच्या बोटांवर जांभळे डाग आले. कडाक्याच्या थंडीत यावेत तसे. आई म्हणाली, चप्पल चावली. मग पिंढऱ्यांवर जाळी उमटली. शेजारीण म्हणाली, नजर. टाळूवर केस गळून रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, तेव्हा मावशीच्या सांगण्यावरून तेल लावून रोज उन्हात बसवलं. हा ल्युपस, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार, आणि त्याला ऊन सोसत नाही, हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत डाग चिघळले होते.

दार वाजलं. हर्षालीला बघायला आलेला ओझरचा शेखर, कारखान्यात नोकरीला. सोबत त्याची आत्या, शकुबाई.

हर्षालीनं पोहे दिले. ओढणी टाळूवर, मोजे पायात.

"एवढ्या उकाड्यात मोजे? काश्मीरला हाय का गं तू?" शकुबाई हसल्या. "काढ. चालून दाखव. आमच्यात पाय पाहायची रीत हाय."

"सर्दी झालीय तिला," आई पुढे झाली.

हर्षालीनं मोजे काढले.

डाग होतेच. पण घोटेही सुजलेले, इलास्टिकचा वळ खोल रुतलेला. आईनं न राहवून अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला. भरेना. पाय सुजले तर किडनीवर आलंय समजा, लगेच या, हे डॉक्टरांनी आईलाच बजावलं होतं.

शकुबाईंनी बशी लांब सारली. "कोड का काय हे? लागट हाय?"

"लागट नाही. ल्युपस आहे. आणि तुम्ही येणार म्हणून माझ्या गोळ्या बंद आहेत."

शेखरनं तोंड उघडलं. आत्यानं त्याचं कोपर धरलं. "चल, ऊठ."

ते गेले. पायलनं तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढलं. "मला माहीत होतं, ताई."

पाहुण्यांसाठी भरलेल्या पाण्यानं हर्षालीनं गोळी गिळली. "आई, दवाखान्यात जायचंय. आत्ता."

जिन्याखाली उन्हात शेजारीण उभीच. "जमलं का हो?"

आईनं छत्री उघडून लेकीवर धरली. "हिला ल्यु… काय गं ते?"

"ल्युपस."

"ल्युपस झालाय हिला," आई म्हणाली. वरच्या मजल्यालाही ऐकू जावं, एवढ्या मोठ्यानं.